सिंगापूरला एकच दिवस असेल तर

हॉटेलातला नाश्ता सोडा. एखाद्या जुन्या कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या साध्या कॉफीच्या दुकानात, जा आणि काया टोस्ट मागवा. नारळाचं दूध, अंडी नि साखर आटवून केलेला काया, त्यावर गार लोण्याचा जाड काप, सोबत अर्धवट उकडलेली अंडी. अंड्यांत सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून ढवळायचं, टोस्ट बुडवायचा. नुसतं 'कोपी' म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्क घालून देतात. मी पहिल्या दिवशी अक्षरशः पाक प्यायले. दूध नको तर 'कोपी ओ', साखरही नको तर 'कोपी ओ कोसोंग'.

मग मेट्रोने चायनाटाउन. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की झालं. गाडीत पाणीसुद्धा पिऊ नका, दंड होतो. १८२७ सालचं मरिअम्मन मंदिर बघा आणि चालत मॅक्सवेल फूड सेंटर गाठा, पण बाराच्या आत. नंतर ऑफिसवाले येतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा गेली समजा. (आपणही तेच करायचं.) हैनानीज चिकन राइस घ्या. कोंबडी पांढरीफटक, दिसायला अगदी आजाऱ्याचं जेवण, पण भात कोंबडीच्याच पाण्यात शिजवलेला, खरी गंमत त्यात. खाल्ल्यावर ट्रे जागेवर नेऊन ठेवा, सक्ती आहे.

दुपारी म्युझियम, नाहीतर झोप. मी झोपते.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. सुपरट्रींचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला, फुकट. खालीच सरळ उताणं पडायचं. मान दुखत नाही.