युद्धकाळातली नाणी जमवायची तर आधी चुंबक घ्या

दुसऱ्या महायुद्धात तांबं आणि निकेल दारूगोळ्याकडे वळलं, तेव्हा टांकसाळींनी हाताशी आलेल्या धातूंत नाणी पाडली. मला हीच नाणी सर्वांत प्रिय आहेत, कारण टंचाई त्यांच्या अंगावर दिसते.

सुरुवात अमेरिकेच्या 1943 च्या एक सेंटपासून करा. जस्ताचा मुलामा दिलेलं हे पोलादी नाणं स्वस्तात मिळतं. भिंगाखाली आधी कड बघा. मुलामा दिलेल्या पत्र्यातून चकत्या कापल्यामुळे कडेला पोलाद उघडंच राहिलं आणि गंज तिथूनच धरतो. कडेवरही मुलामा चकाकत असेल तर तो बहुधा नंतर पुन्हा दिलाय; असं नाणं मी घेत नाही. त्याच सालचं 'तांब्याचं' सेंट कुणी दाखवलं तर चुंबक लावा. चिकटलं, की वर नुसता तांब्याचा थर. न चिकटल्यानेही खरेपणा सिद्ध होत नाही, कारण सालाचा आकडा कोरून बदललेला असू शकतो.

अमेरिकेचं युद्धकाळातलं पाच सेंटचं नाणं ओळखायला सोपं: मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर मोठं टांकसाळचिन्ह, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं अक्षर. त्यात 35 टक्के चांदी असते.

जर्मनीची जस्ताची फेनिग (मार्कचा शंभरावा भाग) नाणी मात्र नाजूक. दमटपणाने त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते. ती घासू नका, चिंच-लिंबू तर अजिबात नको. पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा आणि नाणं कायम कडेनेच धरा.