८०८५ च्या ओरलआधी: ॲड्रेसिंग मोडची तयारी

शिवाजी विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं असेल आणि प्रॅक्टिकल-ओरल तोंडावर आली असेल, तर राजारामपुरीतून झेरॉक्स करून आणलेला नोट्सचा गठ्ठा आधी बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या आणि ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे पाचही ॲड्रेसिंग मोड, म्हणजे ऑपरंड (ज्या डेटावर काम करायचं तो) कुठे आहे हे सांगायच्या पद्धती, आठवून लिहा: इमिजिएट, रजिस्टर, डायरेक्ट, रजिस्टर इनडायरेक्ट, इम्प्लाइड. व्याख्या नकोत. प्रत्येकासमोर एक इन्स्ट्रक्शन लिहा आणि एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: ऑपरंड नेमका आहे कुठे? इनडायरेक्टपाशी बरेच जण अडतात. मंगळवार पेठेतल्या घरी गेलात आणि तिथे ‘माणूस शाहूपुरीत राहतो’ अशी चिठ्ठी मिळाली, तसं समजा. एचएल या रजिस्टर जोडीत डेटा नसतो, डेटाचा पत्ता असतो.

मग ऑपकोड शीट (इन्स्ट्रक्शनच्या कोडांचा तक्ता) झाका आणि एमओव्हीचे, म्हणजे सोर्समधला डेटा डेस्टिनेशनमध्ये कॉपी करणाऱ्या इन्स्ट्रक्शनचे, कोड हाताने बनवा. यावर एक अख्खी संध्याकाळ घातली तरी चालेल. पहिले दोन बिट ०१, पुढचे तीन डेस्टिनेशनचे, शेवटचे तीन सोर्सचे. बी ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, एम (एचएलमधल्या पत्त्यावरची मेमरी) ११०, ए १११. एमओव्ही ए,बी म्हणजे ०१ १११ ०००, हेक्समध्ये ७८. सोर्सला एम घातला की ७ई. आता दोन्हीकडे एम घाला. येतं ७६, आणि ७६ हा तर एचएलटी, प्रोसेसर थांबवणारी इन्स्ट्रक्शन! मेमरीतून मेमरीत एमओव्ही का चालत नाही, हे विचारलं तर हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा तो कितीतरी सरस आहे.

टी-स्टेट, म्हणजे इन्स्ट्रक्शनला लागणारे क्लॉकचे ठोके, हेही असेच मोजा. एलडीए २०५०एच (हेक्स पत्ता २०५० वरचा डेटा ए मध्ये आणा) तीन बाइटचा: ऑपकोड आणायला ४, पत्त्याच्या दोन बाइटना ३ आणि ३, प्रत्यक्ष डेटा वाचायला ३, एकूण १३. एमओव्ही ए,एम ला ७ च लागतात, पण आधी एचएलमध्ये पत्ता भरणाऱ्या एलएक्सआय एच चे १० मोजावे लागतात. म्हणजे एकच बाइट हवा असेल तर डायरेक्ट स्वस्त. दहा आकड्यांची बेरीज असेल तर एलएक्सआय एकदाच करायचं आणि पुढे पत्ता एकने वाढवणाऱ्या आयएनएक्स एच ने सरकत जायचं. इनडायरेक्ट मोडची खरी गरज इथे कळते.

लॅबमधल्या ८०८५ च्या किटवर बसण्याआधी युजर रॅम (आपला प्रोग्राम भरायची मेमरी) कुठून सुरू होते ते विचारून घ्या. जर्नलमधला पत्ता तुमच्या किटला लागू असेलच असं नाही. एलडीए २०५०एच भरताना ३ए, ५०, २० असं भरा, खालचा बाइट आधी. उलटं भरलंत तर प्रोसेसर तक्रार न करता ५०२० वर जाऊन भलताच डेटा उचलतो.

८०८६ सिलॅबसमध्ये असेल तर दोनच गोष्टी पक्क्या करा. सेगमेंट २०००एच आणि ऑफसेट ०१५०एच असेल तर सेगमेंटच्या शेवटी एक शून्य लावून त्यात ऑफसेट मिळवा: फिजिकल ॲड्रेस २०१५०एच. आणि पत्त्यात बीपी (बेस पॉइंटर) आला की डीफॉल्ट सेगमेंट एसएस (स्टॅक सेगमेंट), डीएस (डेटा सेगमेंट) नव्हे.

जर्नलवर सरांची सही आदल्या दिवशीच घ्या, त्या दिवशी सकाळी स्टाफरूमबाहेर रांग असते.