रिकाम्या प्लॉटवरची भाजी आणि गौरीचा तेरडा

इंदूरच्या सुदामानगरात आमच्या घराला लागून एक प्लॉट कित्येक वर्षं रिकामा पडला होता. मालक पुण्याला. मी फोन करून विचारलं, "काका, तुमचं बांधकाम निघेपर्यंत भाजी लावू का? सांगाल तेव्हा महिन्याभरात मोकळा करून देईन." ते लगेच हो म्हणाले. तुमच्या शेजारी असा प्लॉट असेल तर आधी मालकाला विचारा, आणि पेरू-लिंबू लावू नका. जागा सोडायची वेळ आली की फळाला आलेल्या झाडावरून जीव निघत नाही. वर्षाच्या आत हाती येईल तेवढंच लावायचं.

मी घरी शिवणकाम करते. पहिल्या वर्षी बागेसाठी बाजूला काढलेले 700 रुपये जवळजवळ सगळे शेणखतात घातले, आणि आजही कोणी विचारलं तर हेच सांगते: पैसे मातीत घाला, बाकीचं मागून-जमवून भागतं. कुदळ आणि तगारी शेजारून आणली. खत मात्र जुनं, काळं, भुसभुशीत झालेलं बघून घ्या. ताज्या शेणामागे हुमणी येते आणि मुळं खाते.

इंदूरची माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात पाय काढला तर चप्पल आतच राहते. तिला वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, आल्याशिवाय हात लावायचा नाही. मी पहिल्या वर्षी जोराच्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी खणलं. त्या ढेकळांच्या विटा झाल्या, आणि तो अख्खा हंगाम त्या फोडण्यात गेला. वाफसा ओळखायचा असा: कुदळीच्या पात्याएवढ्या खोलीवरून मूठभर माती काढा, दाबून लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. लाडू पडून फुटला, भुगा झाला, तर खणा. कणकेसारखा चपटला तर अजून थांबा. वळतच नसेल तर पाणी देऊन दोन-चार दिवसांनी पुन्हा बघा.

माती मोकळी व्हावी म्हणून वाळू टाका असं पुष्कळजण सांगतात. थोड्या वाळूने काळी माती उलट जास्त घट्ट बसते. त्यापेक्षा शेणखत आणि वाळलेला पाला घाला. गादीवाफे करा, तीन फूट रुंद, फूटभर उंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. पावसाळ्यात सपाट जमिनीत पाणी तुंबून मुळं कुजतात. उंच वाफ्यावर तीच भाजी तरते.

आपल्याकडे ओला कचरा वेगळा काढायची सवय लागली आहे, म्हणजे खताचं निम्मं काम घरात झालेलंच असतं. रंगाच्या जुन्या डब्याला भोकं पाडा. एक मूठ ओलं, वर दोन मुठी वाळलेला पाला. वास आला की पाला कमी पडला असं समजा. तीनेक महिन्यांत खत होतं.

पाण्याचं गणित मडक्यावर बसवा. नळाला नर्मदा एक दिवसाआड येते, तीही तिकडे नदीकाठच्या जलूदहून, 70 किलोमीटरवरून, वर चढवून आणलेली. पाईपने फवारून ती वाया घालवणं मला बघवत नाही. उन्हाळा संपला की लोक जुनी मडकी काढून टाकतात, ती मागून घ्या. रंगवलेलं नको. भरून ठेवल्यावर बाहेरून ओलं होतंय का बघा, होत नसेल तर काथ्याने खरखरून घासा. गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा, भोवती वांग्याची चार रोपं लावा, आणि तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. पाणी आलं की मडकं भरायचं, बस.

कांदा-बटाटा लावू नका. माळव्यात तो स्वस्त आणि चांगला मिळतो, जागा मात्र महिनोन्महिने अडवतो. बाजारात शिळं मिळतं किंवा मिळतच नाही, ते लावा. बियाणं स्वयंपाकघरातलंच: मेथ्या, धणे, लसणाच्या पाकळ्या. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. एकदा दुकानातून आणलेल्या पाकिटातलं एकही बी उगवलं नव्हतं, तेव्हापासून मी हे चुकवत नाही. मेथीला तीन दिवस लागतात, धण्याला दहा-बारा. धणे पाटावर पसरून लाटण्याने हलकेच रगडायचे, प्रत्येक दाण्याच्या दोन डाळी व्हाव्यात, पीठ होऊ नये. ऑक्टोबरपासून दर दहा दिवसांनी वीतभर रुंद पट्टी पेरा, म्हणजे एकदम ढीग न होता रोज थोडी कोवळी भाजी मिळते.

पावसाळ्यात जुन्या दोरीच्या मांडवावर गिलकी. सासूबाई साताऱ्याच्या, त्या अजून घोसाळीच म्हणतात. हिवाळ्यात बालोर, म्हणजे वालाच्या शेंगा. ढगाळ हवेत बालोरीवर मावा ही बारीक कीड येते. तशी आली की शेंडे खुडून टाका आणि निंबोळीचा अर्क मारा: 50 ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली फुकट मिळतात.

तांदूळ-भाजी धुतल्याचं पाणी जिथे सांडतं तिथे अळूचा एक कंद टाका. गौरीच्या नैवेद्याची पातळ भाजी मग घरच्या अळूची होते.

झेंडूसाठी दिवाळीची माळ फेकू नका. फुलं सावलीत वाळवून ठेवा, जुलैत पेरा, महिन्याने शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात. दसऱ्याला तोरण होतं.

तेरडा मात्र मी सगळ्यांत जपते. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी बसतात, मुळासकट, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. इथल्या बाजारात मला तो मुळासकट कधी मिळाला नाही, सासूबाई फांदीवर भागवायच्या. आता जूनच्या पहिल्या पावसानंतर बी टाकते आणि भाद्रपदात रोप ओल्या वाफ्यातून अलगद उपटते, मुळं न तोडता. दोन-तीन रोपं बियांसाठी ठेवते. बोंड फुगून पिवळसर झालं की बोट लागताच फट्‌कन उलगडतं आणि बी उडून जातं. म्हणून आधीच त्याला मलमलीची चिंधी सैल बांधायची. बी गोल, तपकिरी, मोहरीपेक्षा थोडं मोठं. काड्यापेटीत भरून वर वर्ष लिहायचं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचं.