लग्न, मुंज, बारसं: फोटोंचा दर कसा काढावा

फोंड्यातला दुसरा फोटोग्राफर अमुक घेतो म्हणून आपणही तेवढेच, असा दर लावला की पाऊस सुरू होताच हिशेब कोसळतो. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नं जवळजवळ थांबतात, पण घरभाडं आणि हप्ते थांबत नाहीत. म्हणून दर वर्षभराच्या खर्चावरून काढावा.

एक नमुना हिशेब बघा. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश मिळून ४ लाखांचं सामान ५ वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ८०,०००. दुरुस्ती-विमा २५,०००, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर आणि हार्ड डिस्क ४५,०००, फोन-इंटरनेट-जाहिरात ३०,०००. झाले १,८०,०००. घराला महिन्याला ४०,००० लागत असतील तर ४,८०,००० आणखी. एकूण ६,६०,००० रुपये. वर्षात कामाचे दिवस ५५ मिळत असतील तर एका दिवसाचा पाया १२,०००. सहाय्यक, गाडी आणि आल्बम याच्यावर वेगळे. दिवसांचा आकडा मात्र मागच्या दोन वर्षांच्या डायरीतूनच घ्या. मनातला आकडा नेहमी मोठा असतो.

दुरुस्तीची रक्कम गोव्यात कमी धरू नका. दमट हवेत लेन्सला आतून बुरशी धरते, किनाऱ्यावरच्या लग्नात वाळू झूमच्या कड्यात शिरते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा तरी हवाच.

१२,००० ऐकून यजमान दचकले तर त्यांना तास सांगा. ८ तास शूट, साधारण ३,००० फोटो. २४ मेगापिक्सेलची रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) २५ एमबी धरली तर ७५ जीबी, आणि तेवढंच दुसऱ्या डिस्कवर. निवडीला ४ तास. ५०० फोटोंचे रंग सुधारायला फोटोमागे दीड मिनिट म्हटलं तरी साडेबारा तास. प्रवास, कॉपी, बोलणी मिळून आणखी ५. जवळपास ३० तास, म्हणजे तासाला ४०० रुपये.

बारशाला किंवा मुंजीला चारच तास लागतात म्हणून अर्धा दर मागतात. देऊ नका. मुहूर्ताच्या दिवशी सकाळ गेली की संध्याकाळचं काम मिळेलच असं नाही. पायाच्या ६५ टक्के, म्हणजे ७,८००, रास्त. ठरलेल्या वेळेपुढे तासाला १,५०० आधीच लिहून ठेवा. वरात उशिरा येते, पंगत लांबते, आणि तेव्हा मांडवात घासाघीस शोभत नाही.

घासाघीस झालीच तर दर उतरवण्याऐवजी काम कमी करा: ५०० ऐवजी ३००  फोटो, किंवा आल्बम वगळून फक्त पेनड्राइव्ह. आल्बमची पानं कोटेशनमध्ये मोजून लिहा आणि जादा पानाचा भाव शेजारीच द्या, नाहीतर काकूंच्या माहेरची चार पानं फुकट जातात.

रिसॉर्टमधल्या तीन दिवसांच्या लग्नात मेहंदी, हळद, संगीत, प्रत्येक दिवस पूर्ण धरा. बाहेरच्या फोटोग्राफरकडून रिसॉर्ट शुल्क घेतं का, हे आधी विचारा आणि ते शुल्क यजमानांकडे लावा. ड्रोन मागितला तर तो कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघूनच होकार द्या. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने आजूबाजूला परवानगीशिवाय उडवता येत नाही.

पैसे ५० टक्के तारीख धरताना, ४० टक्के कार्याच्या सकाळी, १० टक्के आल्बम हातात देण्याआधी. कार्य उरकल्यावर केटरर आणि मांडववाला आधी, फोटोग्राफर शेवटी, हाच क्रम असतो. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. दर १८ टक्के, तो कोटेशनमध्ये वेगळा दाखवा.

शेवटी हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क यजमानांचा. इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर ते करारात एका ओळीत लिहून सही घ्या.