जाळीआडच्या डिंगोचे फोटो कसे काढावेत

मेलबर्नपासून साधारण ६५ किलोमीटरवर, यारा खोऱ्यात हील्सव्हिल सँक्च्युअरी आहे. नाव अभयारण्याचं असलं तरी ताडोबासारखी जिप्सी, गाइड आणि पाणवठ्यावर तासन्‌तास वाट बघणं इथे नाही. हे ऑस्ट्रेलियन प्राण्यांचं प्राणिसंग्रहालय आहे. तिकीट काढायचं आणि पायी हिंडायचं. डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, दिसेल का, हा प्रश्नच उरत नाही. अडचणी दोन: मध्ये जाळी किंवा काच असते, आणि दिवसाचा बराच वेळ हा प्राणी लोळत पडलेला असतो. मुलांकडे मेलबर्नला गेलेले आईवडील असोत की कॅमेरा घेऊन फिरणारे हौशी, बहुतेकांचे फोटो या दोन गोष्टींनी बिघडतात. ब्रिस्बेनचं लोन पाइन किंवा सिडनीजवळचं फेदरडेल या प्राणिसंग्रहालयांतही हेच लागू पडतं.

आधी महिना ठरवा

डिंगो पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतो. सँक्च्युअरी मात्र सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडी असते. डिसेंबरात तिथे सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो, म्हणजे गेट बंद होतं तेव्हा ऊन अजून डोक्यावरच असतं. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, सूर्यास्त पाच वाजून गेल्यावर लगेच होतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८-२९ अंश वर चढतो. त्यामुळे दिवसभर तिरपं, मऊ ऊन मिळतं आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी तासही गेटच्या वेळेत बसतो. शिवाय थंडीत डिंगोच्या अंगावर दाट केस असतात. उन्हाळ्यात पिवळ्या वाळक्या गवतात त्याचा तांबूस रंग विरघळून जातो. हिवाळ्यात गवत हिरवं असतं, त्यावर तोच रंग उठून दिसतो. जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. पावसाची सर मात्र केव्हाही येते, कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ असू द्या.

आपल्याकडून जाणाऱ्यांची हमखास चूक दिशेची. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तो आपल्या पाठीशी हवा असेल, तर आवाराच्या उत्तर बाजूला उभं राहून दक्षिणेकडे तोंड करा. भारतातल्या सवयीने उलट्या बाजूला उभं राहिलात तर ऊन थेट लेन्समध्ये येतं.

सोबत काय घ्यावं

७०-३०० किंवा १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. वाकणारा रबरी लेन्स हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडाला बसणारी कडा, घ्या, तो जाळीला किंवा काचेला टेकवता येतो. एक काळं कापड, जमिनीवर बसायला कचऱ्याची जाड पिशवी आणि लेन्स पुसायचं फडकं. ट्रायपॉडची गरज नाही, वाटेत लोकांच्या पायात येतो. फ्लॅश बॅगेतच राहू द्या.

जाळी गायब करणं

सगळ्यात आधी हे: डिंगोच्या आवाराला काही ठिकाणी आतून विजेची तार असते, काही ठिकाणी दुहेरी कुंपण. कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय जाळीला हात किंवा लेन्स लावू नका. बोट आत घालायचा प्रश्नच नाही. बाहेरचा कठडा ओलांडणं म्हणजे फोटोही गेला आणि दिवसही.

परवानगी असेल तर हुड जाळीला अगदी टेकवा, झूम पूर्ण ताणा आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, जितकं मोठं उघडेल तितकं उघडा (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). यामागचा हिशेब सोपा आहे. ३०० मिलिमीटर लेन्सवर एफ/५.६ ठेवलं की प्रकाश आत घेणारं छिद्र सुमारे ५३ मिलिमीटर रुंद होतं. तार असते दोन-तीन मिलिमीटरची. ती सगळा प्रकाश अडवूच शकत नाही, फोटोवर फक्त हलका करडेपणा पसरतो. तेच एफ/१६ केलं तर छिद्र १९ मिलिमीटरचं होतं आणि त्यासमोर तीच तार जाड धुरकट पट्टा बनून उमटते. १०० मिलिमीटरवर एफ/५.६ ठेवूनही छिद्र १८ मिलिमीटरचंच, म्हणून कमी झूमवर जाळी दिसते. कठड्यामुळे मीटरभर मागे राहावं लागलं तरी पूर्ण झूमवर तार विरघळते. अट एकच, डिंगो जाळीपासून चार-पाच मीटर तरी आत हवा. तो जाळीला नाक लावून उभा असेल तर कुठलीही लेन्स कामाची नाही, थांबा.

मागच्या बाजूचं कुंपणही विसरू नका. डिंगो त्याच्यापासून लांब असेल तेव्हाच ते पुसट होतं.

तारेवर ऊन पडलं असेल तर ती चमकते आणि फोटोवर पांढरी झाक येते. लेन्ससमोरच्या तेवढ्या भागावर टोपीची किंवा सोबत्याची सावली पाडा. नुसत्या या सावलीने फोटोत जितका फरक पडतो, तितका महागड्या लेन्सनेही पडत नाही.

कॅमेरा वारंवार तारेवरच फोकस करत असेल तर ऑटोफोकसचा एकच बारीक बिंदू निवडा. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते लांबच्या अंतरावर ठेवा. म्हणजे जवळची तार शोधायचा लेन्सचा नादच सुटतो. प्राण्याचा डोळा ओळखणारी सोय जाळीतून कधी चालते, कधी दगा देते. एकाच भरवशावर राहू नका.

काचेचं तंत्र वेगळं. काच आधी पुसा, कारण लहान मुलांच्या नाकांचे आणि हातांचे ठसे असतातच. मग हुड काचेला सपाट टेकवा, भोवती काळं कापड धरा आणि सरळ समोरून फोटो घ्या. तिरक्या कोनातून कडा धूसर होतात आणि मागच्या माणसांची प्रतिबिंबं येतात.

मोबाइलवाल्यांना इथे एक फायदा आहे. मोबाइलची लेन्स इतकी लहान असते की ती जाळीच्या भोकात नेमकी बसवली की तार आडवीच येत नाही. दोन किंवा तीन पट ऑप्टिकल झूम वापरा. बोटांनी ताणून आणखी झूम केलं की केसांचा लगदा होतो.

सेटिंग

बसलेल्या डिंगोला १/२५० सेकंदाचा शटर वेग पुरे. चालणाऱ्याला १/५००, पळणाऱ्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० ते ६४०० द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. निलगिरीच्या झाडांखाली ऊन-सावलीचे ठिपके अंगावर पडून चेहरा चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. अशा वेळी ढग येईपर्यंत थांबणं हाच उपाय.

डिंगो म्हणजे तांबूसच, हा गैरसमज आहे. काळा-बदामी आणि मलईसारखा पांढरट डिंगोही तितकाच अस्सल. एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते कमी-जास्त (+/-) करताना, मात्र तिघांना एकसारखं वागवू नका. पांढरट डिंगोने फ्रेम भरली असेल तर कॅमेरा त्याला करडा करून टाकतो, अशा वेळी +०.७ द्या. तोच डिंगो लहान दिसत असेल आणि मागे काळोखी झाडी असेल तर उलट -०.७, नाहीतर अंगावरचा केस न्‌ केस उडून नुसता पांढरा डाग उरतो. काळ्या डिंगोने फ्रेम भरली तर -०.७. तांबूस डिंगोला सहसा काही लागत नाही. फक्त व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर न ठेवता उन्हाच्या चिन्हावर ठेवा, नाहीतर तो तांबडेपणा कॅमेराच धुऊन टाकतो.

आता कुठे बसायचं

डिंगोची खांद्यापर्यंतची उंची साधारण ६० सेंटिमीटर. उभ्याने काढलेल्या फोटोत त्याची पाठ दिसते आणि तो गल्लीतल्या कुत्र्यासारखा वाटतो. खाली बसा, लेन्स त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. मागची जमीन दूर जाते, झाडी मऊ होते आणि टोकदार उभे कान आकाशावर स्वच्छ कोरलेले दिसतात.

बरेच डिंगो कुंपणाच्या कडेने एकाच वाटेने येरझाऱ्या घालतात. त्याच्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका. तो जिथे वळतो त्या टोकाशी जाऊन बसा आणि फोकस आधीच तिथे लावून ठेवा. वळताना तो अर्धा क्षण थबकतो, मान तुमच्याकडे येते. डिंगोची मान विलक्षण लवचीक असते; अंग पुढे आणि तोंड पार मागे, ही मुद्रा कुत्र्यात क्वचितच मिळते.

कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारा कर्मचारी, बोलायला किंवा खायला घालायला येतो त्या वेळी गर्दी प्राण्यासमोर जमते. तुम्ही कीपरच्या खांद्यामागे जागा धरा, कारण डिंगोची नजर त्याच्यावरच खिळलेली असते. शिट्ट्या, भुंकण्याची नक्कल, खाऊ दाखवणं यातलं काहीही करू नका. कान मागे पडले, जीभ पुन्हा पुन्हा नाकावर फिरू लागली तर तो त्रासलेला आहे. उठून पाच मिनिटं दुसरीकडे जा. त्या वेळचे फोटोही चांगले येत नाहीत.

डिंगो क्वचितच भुंकतो, पण हेल काढून ओरडतो. मार्च ते जून हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ, तेव्हा हे जास्त ऐकू येतं. एकाने सूर लावला की बाकीचे मिळतात, म्हणून पहिल्या आवाजालाच कॅमेरा उभा धरा आणि नाकाच्या वर भरपूर जागा सोडा. तोंड वर जाऊन ओठांचा गोल चंबू होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो, तेवढ्यात सलग पंधरा-वीस फोटो घ्या.

घरी आल्यावर

जाळीमुळे आलेला करडेपणा काढायला काळा रंग थोडा खाली ओढा, धुरकटपणा कमी करणारा स्लायडर १० ते २० पर्यंत पुरे. जास्त ओढला तर केस तारेच्या ब्रशसारखे दिसतात. नारिंगी रंग वाढवायचा मोह आवरा. पार्श्वभूमीतल्या चमकत्या गोलांमध्ये जाळीच्या रेघा उमटल्या असतील तर त्या पुसण्यापेक्षा दुसरा फोटो निवडणं सोपं.

फोटोखाली ‘बंदिस्त आवारातला डिंगो’ असं स्पष्ट लिहा. स्पर्धेला पाठवताना तर नक्कीच, कारण अनेक स्पर्धांत बंदिस्त प्राणी चालत नाहीत. मित्रमंडळी ‘हा तर आपला कोळसुंदा’, म्हणजे भारतातला रानकुत्रा, म्हणतीलच. त्यांना शेपटी दाखवा: कोळसुंद्याची झुबकेदार आणि काळपट, डिंगोच्या शेपटीचं टोक बहुधा पांढरं. आणि सँक्च्युअरीत हात बसला म्हणून क्वीन्सलँडच्या क्गारी बेटावर, म्हणजे जुन्या फ्रेझर आयलंडवर, हेच तंत्र चालवू नका. तिथले डिंगो मोकळे आहेत, माणसांना चावल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्यांना खायला घालणं हा गुन्हा आहे. तिथे खाली बसायचं नाही, एकट्याने हिंडायचं नाही, मुलं हाताच्या अंतरावर ठेवायची आणि फोटो शक्य तितक्या लांबून, गाडीतूनच घ्यायचा.