जुनी अल्टो घेताना

गाडी बघायला सकाळीच जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." गरम इंजिन बरीच दुखणी लपवतं. माझी २०१२ ची अल्टो बघायला चिपळुणात गेलो, बॉनेटला हात लावला तर थंडगार. निम्मं मन तिथंच वळलं. मग ऑइलचं झाकण उघडून बघा. आत पांढरट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी शिरत असू शकतं. चहा पिऊन निघा.

आमच्या कोकणात खरा वैरी गंज. मॅट उचला, तळाचा पत्रा अंगठ्याने दाबा, डिकीतली स्टेपनी काढून खाली बघा. ताज्या रंगावर भाळू नका. आधीची गाडी मी अशीच भाळून घेतली. पहिल्याच पावसात पाय भिजले!

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

कागदांत मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. कर्जावरची गाडी असेल तर कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) हवीच. विमा १४ दिवसांत नावावर करा. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे माझी २०२७ पर्यंत. भाव करताना हे बोललो, उपयोग झाला.

अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदलून टाका. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, इंजिन थंड ठेवणारं कूलंटच भरा. आणि गणपतीनंतर खालून एकदा प्रेशरने धुऊन घ्या, लाल चिखल फार चिवट.