फोर्ट चालत बघायचाय? मग गेटवेपासून सुरुवात नका करू

मुंबई बघायला आलेला माणूस टॅक्सीने थेट गेटवेला उतरतो, फोटो काढतो, वळून ताजचा अजून एक काढतो आणि मग "आता काय बघायचं?" म्हणून विचारत बसतो. उलटं करा. सीएसएमटीपासून चालायला लागा आणि गेटवेला संपवा. तीन-साडेतीन किलोमीटर होतात, थांबत थांबत गेलात तर अर्धा दिवस धरा. रविवारी सकाळी सातला सुरू करा, कारण एरवी फोर्टमध्ये मान वर करून चाललात तर कोणाच्या तरी अंगावर जाल, आणि इथलं बघण्यासारखं जवळजवळ सगळं मान वर केल्यावरच दिसतं.

निघायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर तिसऱ्या बिल्डिंगनंतर सगळ्या सारख्याच वाटायला लागतात. या भागाला फोर्ट म्हणतात कारण इथे खरोखरच तटबंदी होती आणि तिला बाजार गेट, चर्च गेट आणि अपोलो गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने ती पाडायला घेतली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर. तट गेला, जागा मोकळी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत त्या मोकळ्या जागेवर टोकदार कमानींची, मनोऱ्यांची गॉथिक बांधकामं उभी राहिली. म्हणजे हिशोब सोपा आहे, अरुंद गल्ल्या आणि जुन्या इमारती दिसल्या की तुम्ही तटाच्या आत, आणि ऐसपैस रस्ता, मैदान, मनोरे दिसले की बाहेर. पूर्ण वाटेवर हाच प्रश्न स्वतःला विचारत चला, मजा येते.

सीएसएमटी तटाच्या बाहेरचं. इथे घाई करू नका. सबवेत शिरलात तर कुठून बाहेर पडाल याचा भरवसा नाही, त्यामुळे वरूनच सिग्नलने पलीकडे महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून स्टेशनकडे बघा. दोन्ही इमारती आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्याच, स्टेशनचं काम १८७८ ला सुरू झालं आणि पालिकेची इमारत १८९३ ला पूर्ण झाली. आता नजर स्टेशनच्या घड्याळावर न्या. त्याच्या खाली एक कोनाडा आहे, रिकामा. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर काढला. तसंच भिंतीवर गोल चौकटीत काही चेहरे कोरलेत, त्यात साहेब लोकांसोबत जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेटही आहेत, कारण बोरीबंदर ते ठाणे ही १८५३ ची पहिली गाडी ज्या कंपनीने सोडली तिच्या उभारणीत हे दोघे होते. नानांना शोधायला वेळ लागतो, शोधा. गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत, सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. फोटोचं म्हणाल तर दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, सकाळी ऊन मागून येतं. चांगला फोटो हवा असेल तर दुपारनंतर परत या.

तिथून जीपीओ, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिस. त्याचा घुमट बघून विजापूरचा गोल घुमट आठवला तर बरोबर आहे, आर्किटेक्ट जॉन बेगने तोच डोळ्यासमोर ठेवला होता. तिथेच मागच्या अंगाला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला किल्ल्याचा एक उरलेला तुकडा आहे आणि त्यात चक्क राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं ऑफिस. फारसं कोणी तिकडे फिरकत नाही.

आता शहीद भगतसिंग रोडने खाली या, म्हणजे तटाच्या आत आलात. एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल १८३३ चा, गॉथिकचा पत्ताच नाही, सरळ ग्रीक धाटणीचे जाडजूड खांब आणि ३० पायऱ्या. समोर हॉर्निमन सर्कल, तिथल्या झाडांखाली पाय मोकळे करा. पलीकडे सेंट थॉमस चर्च, १७१८ चं. जुन्या मुंबईत मैलाचे दगड याच चर्चपासून मोजायचे, आणि चर्चगेट हे नावही याच चर्चच्या दिशेच्या दरवाजाचं. आत भिंतींवर स्मृतिशिला आहेत, त्या निवांत वाचा, जहाजावर, लढाईत किंवा तापाने गेलेले पंचविशी-तिशीतले कितीतरी साहेब सापडतील.

वीर नरिमन रोडने सरळ गेलात की हुतात्मा चौक. ते चर्च गेट पाडलं तिथेच हे फ्लोरा फाउंटन १८६४ मध्ये बसवलं. बहुतेक लोक फाउंटनचा फोटो काढून पुढे जातात, पण शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं स्मारक आहे तिथे दोन मिनिटं थांबा, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं आहे ते, आणि मराठी माणसाने ते बघायचं राहिलं तर काय उपयोग.

पुढे ओव्हल. मैदानात एकाच वेळी ढीगभर मॅचेस चालू असतात, एका टीमचा फील्डर दुसऱ्यांच्या पिचवर, तुम्ही कडेकडेने जा. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, समोर १९३० नंतरच्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी. या दोन्ही मिळून ९४ इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. टॉवर २८० फुटी, पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं. पैसा कुठला? तोच कापसाचा.

काळा घोड्याला जास्त वेळ लागत नाही. डेव्हिड ससून लायब्ररीचा पिवळा मालाड दगड बघा. घोड्यावरचा राजा एडवर्ड १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला, आता उभा आहे तो २०१७ चा नवा, स्वार नसलेला घोडा. जवळच एस्प्लनेड मॅन्शन, एकेकाळचं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलं. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा ७ जुलै १८९६ ला इथेच दाखवला.

मग गेटवे, अपोलो गेटच्या बाजूचं टोक. ताजबद्दल कोणीतरी सांगेलच की आर्किटेक्टने उलटं बांधलेलं पाहून जीव दिला. कायच्या काय. मुख्य दरवाजा आधी शहराच्या बाजूलाच होता, आणि आर्किटेक्ट सीताराम खंडेराव वैद्य काम चालू असतानाच वारले, पुढे चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने पूर्ण केलं, १९०३ ला उघडलं.

गेटवे मात्र जमिनीवरून अर्धाच कळतो. १९२४ ला उघडलेली ही कमान समुद्रातून येणाऱ्यासाठी आहे, तेव्हा एलिफंटाची किंवा अलिबागकडच्या मांडव्याची बोट पकडा आणि बोट सुटल्यावर मागच्या बाजूला उभे राहा. मांडव्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि एलिफंटा सोमवारी बंद. परतीची शेवटची बोट किती वाजता ते तिकीट घेतानाच विचारून ठेवा.